बाळू पालवणकर : मैदानात हिंदू, चहाला अस्पृश्य

तिवसा हे अमरावती-नागपूर हमरस्त्यावरचे गाव. सोयाबीन निघाले की रिकाम्या वावरात पोट्टे विटांचे स्टंप लावतात आणि टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. मोहल्ल्याची टीम, बौद्धपुऱ्याची टीम, पेठेतली टीम. भांडणे होतात, एखादा अंपायरच्या अंगावर धावून जातो, पण सामना संपला की सगळे एकाच टपरीवर चहा पितात. या चहाकडे कोणी लक्ष देत नाही. मीही देत नव्हतो. बाळू पालवणकर या माणसाबद्दल वाचल्यापासून मात्र सामन्यापेक्षा त्या चहाकडेच माझे लक्ष जाऊ लागले आहे.

रणजितसिंहजींचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, कारण रणजी करंडक त्यांच्या नावाचा. ते संस्थानिक होते आणि १८९६ साली इंग्लंडकडून कसोटी खेळले. पण भारताच्या नावाने जो पहिला संघ इंग्लंडला गेला, १९११ साली, त्या संघाचा सर्वांत यशस्वी गोलंदाज एक मराठी माणूस होता. त्याने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तो चांभार समाजातला होता, आणि त्याचे नाव आपल्याकडे दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, आडनाव त्यावरूनच पडले. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा, पण वाढले ते पुण्यात. वडील लष्कराच्या चाकरीत होते. त्या काळात अस्पृश्य कुटुंबांना गावगाड्याबाहेर काढणारी वाट बहुतेक वेळा छावणीतूनच जात असे. डॉ. आंबेडकरांचे वडीलही लष्करातच सुभेदार होते. छावणीत पगार मिळे, पोरांना चार अक्षरे शिकायला मिळत, आणि गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलने खेळताही येई. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल क्रिकेट शिकले ते असे.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्लबात. काम खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे, पगार महिना ३ रुपये. सभासदांना वाटले तर कधी दोन चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले. पगार ४ रुपये. जाळी बांधा, खेळपट्टी आखा, टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेघा मारा. तिथे कोणा साहेबाने एकदा नेटमध्ये चेंडू टाकायला सांगितले आणि या पोराच्या डाव्या हातात काय आहे ते साऱ्या क्लबाला दिसले. चेंडू संथ, पण प्रत्येक वेगळ्या वेगाचा. एक आत येणारा, एक बाहेर जाणारा, दिसायला दोन्ही सारखे.

क्लबातला सर्वांत तरबेज फलंदाज कॅप्टन ग्रेग. तो म्हणे इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंना एकट्याला गोलंदाजी करायला लावी. मला बाद केलेस की आठ आणे, असा त्याचा सौदा होता असे सांगतात. ४ रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या क्लबात बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, आणि बॅट हातात धरायची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. फलंदाजी साहेबाची, घाम नोकराचा.

हे केवळ हिंदुस्थानात होते असे नाही. त्याच काळात इंग्लंडमध्ये क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. बिनपगारी खेळणारा तो जंटलमन, पगार घेणारा तो नुसता प्लेयर. दोघांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, मैदानात उतरायचे दारही कित्येक ठिकाणी वेगळे. जंटलमन विरुद्ध प्लेयर्स असा सामनाच दरवर्षी होई, आणि तो १९६२ पर्यंत चालू होता. रग्बीत तर याच मुद्द्यावर खेळाचे दोन तुकडे झाले. उत्तर इंग्लंडमधले गिरणी आणि खाणकामगार शनिवारी खेळायला आले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्या, एवढीच मागणी होती. लंडनच्या प्रतिष्ठितांनी ती नाकारली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी बैठक घेऊन वेगळी संघटना काढली. तिचाच खेळ पुढे रग्बी लीग म्हणून ओळखला गेला. गंमत अशी की बाळूंची तुलना इंग्रज ज्या गोलंदाजाशी करीत, तो विल्फ्रेड ऱ्होड्स हडर्सफील्डच्या शेजारच्याच गावचा. तोही डावखुरा, तोही पगारी. पण ऱ्होड्सच्या स्पर्शाने कोणी बाटत नव्हते. दोघांमध्ये फरक तेवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते. संघातल्या तेलुगू मंडळींची तयारी होती, काही मराठी ब्राह्मण खेळाडूंची नव्हती. शेवटी जिंकायची इच्छा विटाळाच्या भीतीवर मात करून गेली. बाळू संघात आले, पण पुऱ्या मनाने त्यांना कोणी घेतले नाही. मैदानात चेंडू एकच होता. बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक पकडे, ब्राह्मण क्षेत्ररक्षक परत फेकी, त्याने काही बिघडत नसे. चहाची वेळ झाली की सारे तंबूत जात आणि बाळू बाहेर उभे. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात येई, पिऊन फेकून देण्याच्या. हातपाय धुवायचे तर पाणी ओतायला त्यांच्याच समाजाचा नोकर. जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी.

त्यांनी पुण्याच्या आणि साताऱ्याच्या गोऱ्यांना हरवून दाखवल्यावर ही रीत सैल होत गेली. न्यायमूर्ती रानडे यांनी क्लबातल्या मंडळींना सुनावले होते असे सांगतात, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायलाही हरकत नसावी. पण क्रम पाहा. आधी बळी, मग चहा. ज्यांना डाव्या हाताने चेंडू वळवता येत नव्हता, अशा लाखो माणसांसाठी मातीचे भांडे तसेच राहिले.

१८९६ साली पुण्यात प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंब मुंबईला गेले. तिथेही हिंदू जिमखान्यात तोच वाद. काही सभासदांचा विरोध होता, कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला म्हणून बाळू आत आले. चरितार्थासाठी त्यांना बीबीसीआय रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले.

इथे मुंबईच्या त्या वेळच्या क्रिकेटची घडण सांगायला हवी, कारण आपला म्हणजे मुसलमानांचा संबंध तिथून सुरू होतो. समुद्रकाठच्या रस्त्यावर पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने शेजारी शेजारी उभे राहिले, ते आजही मरीन ड्राइव्हवर आहेत. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना वेगळा, तिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. स्पर्धाही धर्मावर. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदूंसह तिरंगी, १९१२ पासून मुसलमानांसह चौरंगी, आणि १९३७ पासून उरलेल्यांचा पाचवा संघ धरून पंचरंगी. संघाचे नावच धर्म.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी. बाळूंनी त्यात आठ बळी घेतले, आणि शिवरामही त्या संघात होते. रशियाला जपानने नुकतेच हरवले होते, बंगालच्या फाळणीवरून स्वदेशीची चळवळ पेटली होती, आणि मुंबईत साहेबाला त्याच्याच खेळात मार बसला. सुधारकांनी लिहिले की जातीभेद सोडला म्हणूनच हा विजय मिळाला. ते खरेही होते. पण "हिंदूंचा विजय" म्हणून जो जल्लोष झाला, त्यातल्या किती देवळांत बाळूंना प्रवेश होता?

आपल्या अमरावतीत या प्रश्नाचे उत्तर पुढे १९२७ साली मागितले गेले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला, पंजाबराव देशमुख त्याच्या पाठीशी होते, आणि त्या नोव्हेंबरात बाबासाहेब स्वतः अमरावतीच्या परिषदेला आले होते. १९०६ ते १९२७. बॅट-बॉलच्या मैदानापासून देवळाच्या पायरीपर्यंत यायला एकवीस वर्षे लागली, आणि तेव्हाही दार सहज उघडले नाही.

१९११ च्या दौऱ्यात हिंदुस्थानचा संघ म्हणून पारशी, हिंदू, मुसलमान असे खेळाडू निवडले गेले. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. मुसलमान खेळाडूंत सलामुद्दीन खान आणि शफकत हुसेन यांच्यासारखे अलीगढच्या कॉलेजात घडलेले तरुण होते. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ त्याच बोटीत. राजा, पारशी, अलीगढचे पदवीधर आणि चांभाराची दोन मुले, असा "भारत" त्याआधी कोणी एका जागी पाहिला नव्हता. आपला देश एक आहे की नाही यावर सभांतून वाद चालले असताना तो एका क्रिकेट संघाच्या रूपाने बोटीवर चढला होता.

महाराजांचे लक्ष खेळापेक्षा पंचम जॉर्जच्या राज्यारोहण सोहळ्याकडे आणि लंडनच्या मेजवान्यांकडे अधिक होते. ते बऱ्याचदा गैरहजर, आणि संघातला उत्तम फलंदाज केकी मिस्त्री त्यांच्या दिमतीला. सुरुवातीला पराभवामागून पराभव झाले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत संघ १० हरला आणि २ जिंकला. जिंकलेल्या दोन्ही सामन्यांवर पालवणकरांची सही आहे. लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी ११ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध शिवरामनी नाबाद ११३ काढल्या आणि एक गडी राखून सामना जिंकला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत ८ बळी टिपले. प्रथम श्रेणीत त्यांचे ७५ बळी झाले, सरासरी वीसच्या आसपास. वय पस्तिशीचे, हवामान परके, आणि खांदा दुखत असताना रोज षटकांमागून षटके. बाळूंची कीर्ती इथे थांबली असती तरी पुरेशी होती.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांनी मानपत्र लिहिले होते असे चरित्रकार नोंदवतात. एका पिढीला पाहिजे तसा नायक बाळूंच्या रूपाने मिळाला होता.

आता कर्णधारपदाचा प्रश्न. ११४ बळी घेणारा माणूस हिंदू संघाचा कर्णधार का होऊ नये, असे लोक उघड विचारू लागले. तो झाला नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै सत्कारात म्हणाले की हा मान खरा बाळूंचा. कबुली दिली, खुर्ची दिली नाही. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडले तेव्हा अनुभवाने पुढे असलेल्या विठ्ठलना बाजूला ठेवून देवधरांना कर्णधार केले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि जाहीरपणे सांगितले की हा आमच्या जातीचा अपमान आहे. गोलंदाजी टाकण्याऐवजी त्यांनी या वेळी नकार टाकला, आणि तो वर्मी लागला. अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले, पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ चालवलाही. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत कर्णधारपद म्हणून मिळाले ते एवढेच. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, आणि काही तासांची कप्तानी.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी जिंकली. सवर्ण तरुणांनी त्यांना खांद्यावर घेतले. एका भावाने उघडलेल्या दारातून दुसरा भाऊ आत गेला. विठ्ठलनी पुढे मराठीतच आपले आत्मचरित्र लिहिले, "माझे क्रीडा-जीवन" या नावाने, १९४८ साली. मराठी वाचकांनी ते विसरावे याचे वाईट वाटते.

बाळूंच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्याला अडचणीत टाकणारा आहे, म्हणून त्यावर कमी बोलले जाते. १९३२ च्या ऑगस्टात ब्रिटिशांनी जातीय निवाडा दिला आणि अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. मुसलमानांना ते १९०९ पासूनच होते. गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. त्या करारावर सही करणाऱ्यांत बाळूही होते, आणि ते उभे होते ते स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्याने मानपत्र लिहिले आणि ज्याला ते दिले, ते दोघे समोरासमोर आले होते.

काही जण या एका घटनेवरून बाळूंना निकालात काढतात. मला ते पटत नाही. तीन रुपयांवर रोलर ओढणारा मुलगा आपल्या हाताच्या जोरावर आतल्या पंगतीत पोहोचला. ज्याने दार उघडताना पाहिले आहे, त्याला दारे उघडतात असे वाटणारच. बाबासाहेबांचे म्हणणे होते की दार कोणाच्या मर्जीवर उघडायचे नाही, किल्ली आपल्या हातात हवी. आणि माझ्या मते बाबासाहेबांच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा बाळूंच्या स्वतःच्या कारकिर्दीतच आहे. १७९ बळी मोजता येतात, त्यांत कोणाला खोट काढता येत नाही. तरी कर्णधार निवडायची समिती दुसऱ्यांची होती, म्हणून ते कर्णधार झाले नाहीत. विठ्ठल झाले ते गुणांबरोबर नकारही टाकल्यावर. गुण तुम्हाला संघात नेतो. समितीत नेत नाही.

आता आपल्याबद्दल. हा लेख वाचून कोणी मनातल्या मनात म्हणेल, अल्हम्दुलिल्लाह, आपल्याकडे हे नाही. मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, दस्तरखान एक, चहा एक. खरे आहे, आणि ही नेमत लहान नाही. अनेकांनी त्यासाठीच या दीनचा आसरा घेतला. पण सफेतून बाहेर पडल्यावर काय? वऱ्हाडात पिंजारी आहेत, कसाई आहेत, बागवान, तांबोळी, मणियार, फकीर, छप्परबंद आहेत. कोणाच्या घरचे स्थळ येताच आपण आधी काय विचारतो? "बिरादरी कौनसी?" मशिदीच्या कमिटीत, मदरशाच्या ट्रस्टमध्ये, कब्रस्तानच्या मंडळात पिढ्यान्पिढ्या कोणती आडनावे असतात? हमालाच्या मुलाने हाफिज होऊन तरावीह पढवली तर आपण "माशाअल्लाह" म्हणतो. तोच मुतवल्ली व्हायला उभा राहिला तर? चहा एकत्र आहे. कप्तानी एकत्र आहे का?

दुसरीही एक गोष्ट. १९१२ साली मुसलमानांचा वेगळा संघ झाला, १९२४ साली तो पहिल्यांदा चौरंगी जिंकला, मोहल्ल्यांत जल्लोष झाला असणार. पण संघाचे नाव धर्म असले की संघाच्या आतले प्रश्न विचारणे अवघड होते. विचारणारा फितूर ठरतो. हिंदू संघाने बाळूंच्या बाबतीत हेच केले. आज आपणही "कौम पर वक्त बुरा है" म्हणून आतला प्रश्न पुढे ढकलतो. वक्त बुरा आहे हे कबूल. पण वेळ वाईट आहे म्हणून कोणाला मातीच्या भांड्यात चहा द्यायचा नसतो, आणि कोणाला कायम क्षेत्ररक्षणालाच उभे करायचे नसते.

आमच्या तिवसा तालुक्यातच गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी तिथे सर्वांना एका ठिकाणी बसवून सामुदायिक प्रार्थना सुरू केली. शेजारी शेजारी बसण्याची किंमत या मातीला कळते. पण शेजारी बसणे ही सुरुवात असते.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. तोपर्यंत देशाच्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले होते, आणि ती घटना लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते, ज्यांनी तरुणपणी त्यांचे मानपत्र लिहिले आणि नंतर त्यांना निवडणुकीत हरवले.

पुढच्या वेळी वावरातला सामना संपला आणि पोट्टे टपरीवर आले, की चहा एकाच किटलीतला आहे हे पाहून बरे वाटू द्या. मग हळूच त्यांना एवढे विचारा : टीम कोण निवडते? आणि निवडणाऱ्यांत कोण कोण बसते?